भोंग्यासमोरची खुर्ची

मु. पो. न्हावरे, ता. शिरूर
शनिवार, १० फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप सोपानमामा यांच्या पायांशी भाचा हनुमंत याचा नमस्कार. (तुमचा उजवा गुडघा धरतो हे ठाऊक आहे, तेव्हा नमस्कार डाव्या पायाशी पोचला असं समजावं आणि आशीर्वाद बसल्या जागेवरूनच द्यावा.) इकडे आई, आबा, तुमची भाचेसून सुषमा, तेरा मेंढरं आणि मंगळवारपासून एक नवं कोकरू असे सगळे खुशाल. तिकडे मामी आणि पूनम खुशाल असतीलच. तुमच्या तब्येतीचं मुद्दाम विचारत नाही, कारण विचारलं की तुमचं उत्तर छापील असतं: ठणठणीत. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्डाची नोकरी केल्यामुळे काहीही असलं तरी हिरवा झेंडा दाखवायची तुमच्या हाताला सवय लागली आहे.

पत्र उद्या आबांच्या हाती पाठवतोय. पोस्टातच टाकणार होतो, पण आबांचं म्हणणं पडलं की मेव्हण्याला भेटायचं निमित्त आयतं मिळतंय, ते पोस्टमनला कशाला द्यायचं. पत्र लांब आहे. तेव्हा टीव्ही बंद करा, त्याच्यासमोरच्या तुमच्या नेहमीच्या खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीला लावा आणि एका बैठकीत, मनातल्या मनात वाचा. (मोठ्यानं वाचू नका. पुढे तुमच्याबद्दल मजकूर आहे आणि मामी स्वयंपाकघरातून सगळं ऐकतात.) आबांना मध्ये बोलायला लावू नका, ते प्रवासानं दमलेले असतील, समोर गप्प बसून राहतील. आईनं शेवग्याच्या शेंगांची पिशवी दिली आहे. ती आबा टीव्हीवर ठेवतील. ती तिथून कुणी हलवू नये असा आईचा निरोप आहे, का ते मला विचारू नका.

आता माझी रडकथा. मी पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि गेली तीन वर्षं पीएचडी करतोय हे तुम्हाला माहीत आहे, पण कशात करतोय हे आपल्या नात्यागोत्यात एकाही माणसाला माहीत नाही. मी विजेचा इंजिनिअर झालो तेव्हापासून गावाला एवढंच कळतं की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जळाला की हनुमंताला बोलवायचं. तर, मी एक यंत्र केलं आहे. माणसाला हात न लावता, वायर न डकवता, लांबूनच त्याचा श्वास आणि हृदयाचे ठोके मोजणारं. तुम्हाला समजायला सोपं आहे. गाडी फलाटाकडे येताना शिटीचा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो, हे तुम्ही जन्मभर ऐकलंत. माझ्या डब्यातल्या भोंग्यातून ऐकू न येणाऱ्या लहरी निघतात, माणसाच्या छातीवर आपटून परत येतात, आणि छाती केसभर पुढे-मागे झाली तरी परतणाऱ्या लहरीत तसाच फरक पडतो. त्यावरून श्वास कळतो, आणि माणूस अगदी स्थिर असेल तर ठोकेसुद्धा. मध्ये सदरा असो, गोधडी असो, कापडी पिशवी असो, लहरींना फरक पडत नाही. भाजलेला माणूस, तान्हं मूल, ज्यांच्या अंगाला काही लावता येत नाही अशांना याचा उपयोग. हे मी आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “मंग स्टार्टर कोन बघनार?”

एवढं करून यंत्र टेबलावर चांगलं चालायला लागलं, तर आमचे गाइडसाहेब म्हणाले, खरी माणसं आणा. सत्तरीच्या पुढची. प्रत्येकाची चाळीस मिनिटं सलग, न हलता. एकतीस मार्चच्या आत निदान एका माणसाच्या तरी अशा नोंदी टेबलावर आल्या नाहीत तर नोंदणीची मुदत संपते, आणि मुदत वाढवून देणाऱ्या समितीत नेमके तेच गृहस्थ बसलेत ज्यांना मी गेल्या वर्षी चहाच्या रांगेत मागे सारलं होतं. पुण्यातल्या सत्तरीच्या माणसांना मी बागेत जाऊन विनवण्या केल्या. एकानं आधी लहरींनी कॅन्सर होत नाही असं लिहून मागितलं, दुसऱ्यानं ते लिहून दिल्यावर माझं मराठी तपासलं. शेवटी माझी ट्यूब पेटली. घरी बहात्तर वर्षांचा बाप आहे, जन्म मेंढरांमागे रानात काढलेला, दिवसभर झाडाखाली दगडासारखा बसून राहू शकणारा. पंधरा दिवसांची रजा टाकली आणि सगळा सरंजाम घेऊन न्हावऱ्याला आलो. ही माझी पहिली चूक.

पडवीत आबांची बाज टाकली, समोर स्टुलावर भोंगा ठेवला, शेजारी लॅपटॉप. भारनियमन आठ-आठ तासांचं, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर सगळं जोडलं. (खरं तर वीज गेलेलीच मला बरी, कारण पंखा फिरला की यंत्र त्याचीच छाती मोजतं. सगळ्या तालुक्यात वीज कधी जाते म्हणून डोळे लावून बसलेला मी एकटा असेन.) पहिल्या दिवशी आबा गुमान आडवे झाले. पाच मिनिटांत पडद्यावर श्वास आला मिनिटाला चव्वेचाळीस. मी घामाघूम. वायरी तपासल्या, गणित तपासलं, आबांना चारदा विचारलं की धाप लागते का, तर ते म्हणाले, “मला न्हाई, तिला लागलीया,” आणि बाजेखाली बोट केलं. आईनं गाभण मेंढी उन्हातून आणून बाजेच्या खुराला बांधली होती. तिचा श्वास, मामा, इतका सुरेख आला होता की तसा आलेख मला आजवर एकाही माणसाचा मिळालेला नाही.

दुसरी चूक माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. आपल्याकडे बहात्तर वर्षांचा माणूस भरदिवसा बाजेवर उताणा पडलाय, मुलगा रजा टाकून पुण्याहून आलाय, उशाशी मशीन लावलंय आणि घरातल्यांना “आवाज करू नका” म्हणून सांगितलंय, याचा अर्थ एकच होतो. बुधवारी सकाळी दूध घालायला आलेल्या माणसानं ते पाहिलं आणि दुपारपर्यंत आबा सिरीयस झाले. संध्याकाळी इनामगावपर्यंत गेले. गुरुवारपासून माणसं बघायला यायला लागली. एसटीनं आली, मोटारसायकलवर तिघं-तिघं आली, एक ट्रॉलीच आली. प्रत्येकाच्या हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. मी दारात उभा राहून सांगत होतो की आबा ठणठणीत आहेत, हे संशोधन आहे, आणि माणसं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, व्हय बाबा, धीर सोडू नगंस.

बरं, आबांनी तरी सांगावं की मला काही झालेलं नाही! पण नाही. गावानं पंचवीस वर्षांत त्यांना इतक्या प्रेमानं काही विचारलं नव्हतं, आणि आता सगळे पायाशी बसून “आबा, मला वळाखलं का?” विचारत होते. आबा डोळे अर्धे मिटून, जरा वेळ घेऊन ओळखायचे. सरूबाईनं तर डोळ्याला पदर लावला, आणि आबांनी तिला हातानंच “रडू नको” अशी खूण केली. मी मागे उभा राहून दात खात होतो. बिस्किटांचे एकसष्ट पुडे जमले. मेंढरं आता पेंड खात नाहीत.

या सगळ्यात माझं खरं वाटोळं केलं ते आईनं, म्हणजे तुमच्या बहिणीनं. भेटायला आलेला माणूस खाली बसवायचा नाही, म्हणून तिनं आतली हाताची खुर्ची आणून बाजेच्या बरोबर पुढे ठेवली. म्हणजे भोंगा, मग खुर्ची, मग आबा. मी खुर्ची हलवली की ती परत ठेवायची. मी म्हणालो, आई, यंत्रासमोर जो जवळ बसेल त्याचंच ते मोजतं, मागच्याचं नाही. ती म्हणाली, मोजू दे की, पाहुण्याला काय कमी पडतंय. त्यामुळे चार दिवस मी आबांच्या नावानं सगळा तालुका मोजला. शेजारचे हौसराव खुर्चीत बसून गुडघा हलवतात. त्यांचा गुडघा मिनिटाला एकशे तीस पडला. सोसायटीचे चेअरमन आनंदराव यांना भोंगा हा कॅमेरा वाटला, त्यांनी टोपी सारखी केली, त्याच्याकडे बघत आबांच्या कार्याबद्दल दहा मिनिटं बोलले आणि फोटो कुठल्या पेपरात येणार ते विचारून गेले. न हलणारा माणूस त्या खुर्चीत एकही बसला नाही. (मामा, तुम्ही वाचताना उजवा पाय हलवत असाल तर कृपा करून थांबवा. मला तुमची सवय माहीत आहे.)

आणि मग मंगळवारी तुम्ही आलात. दौंडला बातमी पोचायला सहा दिवस लागले याचंच मला नवल वाटलं. एसटीतून उतरून उन्हाचे चालत आलात, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि ओट्याच्या तीन पायऱ्या चढून खांबाला धरून उभे राहिलात. आईनं विचारलं तर म्हणालात, “पित्त झालंय गं, सकाळधरनं च्याच जास्त झाला.” मग खिशातली पित्ताची गोळी चघळत तुम्ही आबांना पाऊण तास झाडलंत. दाजी, ह्या वयात छातीचं दुखणं अंगावर काढायचं नसतं. दाजी, माणसानं टायमात तपासून घ्यावं. दाजी, आडमुठेपणा बरा न्हाई. मी चारदा सांगितलं की मामा, आबांना काही झालेलं नाही. तुम्ही मला म्हणालात, तू मध्ये बोलू नको, तू विजेचा डॉक्टर आहेस. मला इतका राग आला की मी बॅटरी बदलली, उतरलेली बॅटरी चार्जिंगला टाकायचं निमित्त काढलं आणि मोटारसायकल घेऊन चौकात निघून गेलो. यंत्र चालूच होतं. दोन तासांनी आलो तेव्हा तुम्ही साडेपाचची एसटी धरून गेला होतात (आबांसाठी आणलेली केळी निम्मी तुम्हीच खाल्लीत असं सुषमा म्हणते) आणि आबा बाजेवर शहाण्यासारखे पडून होते.

लॅपटॉप बघितला आणि माझा विश्वासच बसेना. चार वाजून दहा मिनिटांपासून चार पन्नासपर्यंत, चाळीस मिनिटं सलग, स्वच्छ नोंद. एकही हालचाल नाही. श्वास दिसतोय, श्वासाच्या पोटात बारीक ठोके दिसतायत, एकेक वेगळा. तीन वर्षं मी जिची वाट बघत होतो ती हीच. मी सुषमाला हाक मारली, बिस्किटाचा पुडा फोडला. मग ठोके मोजायला बसलो आणि घास तोंडात तसाच राहिला. पाच-सहा ठोके नीट, मग एक गायब. मग दोन घाईघाईनं. मग पुन्हा चार नीट आणि एक गायब. चाळीसच्या चाळीस मिनिटं तसंच. श्वाससुद्धा आखूड, वरच्यावर. मी बाहेर आलो तर आबा मिश्यांना बोट लावून कुणाला तरी “आता बरं हाय” म्हणत होते. सहा दिवस मी लोकांना ओरडून सांगत होतो की यांना काही झालेलं नाही, आणि आता माझंच यंत्र सांगत होतं की झालंय. मामा, मी फार घाबरलो. हे मी घरात कुणाला म्हणालो नाही, तुम्हाला लिहितोय.

आता आबांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे काय असतं ते तुम्ही जाणता. जन्मात कधी छातीला नळी लावून घेतली नाही. बुधवारी सकाळी मी हात जोडले, गुरुवारी आवाज चढवला. तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, “हनुमंता, मेंढरू आजारी हाय का ते बघायचं आसलं तर त्याला धरायचं न्हाई. धरलं की त्याचा दम वाढतुया. मंग तू काय मोजनार? त्याचं दुखनं का तुझं भ्या? लांब बसायचं, चिलीम वडायची, आन् त्याची कूस बघायची. कूस खोल हालती का वरच्यावर, येवढंच बघायचं. सांजच्यापातूर समजतंय.” मामा, मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात सतरा पानं हेच लिहिलं आहे, सत्तेचाळीस संदर्भ देऊन. मला रडावं का हसावं कळेना. मी म्हणालो, आबा, ते मेंढराचं झालं. ते म्हणाले, “मग मानसाला काय येगळं फुफ्फुस आसतंय?”

शेवटी काल शुक्रवारी मी सरळ खोटं बोललो. दौंडला एकाकडे चांगला मेंढा विकायला आहे म्हणून त्यांना जीपमध्ये घातलं (जीप हौसरावांची, हौसराव स्वतः चालवायला, म्हणजे गुडघा ब्रेकवर असतो तेवढा वेळ स्थिर) आणि थेट दवाखान्यापुढे उतरवलं. आबा पाटी बघून म्हणाले, “मेंढा आत हाय व्हय?” डॉक्टर भला माणूस. आबांनी अट घातली की आधी दारातून बघून सांग, मग हात लाव. डॉक्टरांनी हसत हसत दारात उभं राहून श्वास मोजल्यासारखं केलं. तेवढ्यात आबांनी त्यांना मोजलं. म्हणाले, “डाक्तर, तुमचा दम पोटातनं येत न्हाई. निजताना घोरता, आन् दचकून जागं व्हता.” आतल्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोनं मान हलवली. मग छातीला रबरी फुग्यांच्या वाट्या लावल्या. आबा ओरडले, “आरं, दूध काढतुया का काय माझं!” पण कागद सरळ निघाला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, काही नाही. एक ठोका इकडचा तिकडे नाही. तिशीतल्या माणसाचं हृदय आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं यंत्र मात्र एकदा कुणाला तरी दाखवून घ्या.”

म्हणजे बघा. आबा ठणठणीत, आणि माझी तीन वर्षं आजारी. जी एकमेव नोंद हाती लागली ती खोटी. एकतीस मार्चला मी समितीपुढे काय ठेवू? मेंढीचा श्वास की हौसरावांचा गुडघा? माझं डोकं इतकं फिरलं आहे की सगळ्या गोतावळ्याला एकेक पत्र लिहावं असं वाटतं: आजारी नसलेल्या माणसाला बघायला येऊ नका, आलात तर बिस्किटं आणू नका, आणलीत तर खुर्चीत बसू नका. सुरुवात तुमच्यापासून केली, कारण त्या खुर्चीत बसून मला “विजेचा डॉक्टर” म्हणणारे तुम्ही एकटेच. राग मानू नये. मामींना नमस्कार, पूनमला आशीर्वाद.

आपला, हात टेकलेला भाचा,
हनुमंत

ता. क. शेंगांची पिशवी अजून टीव्हीवरच आहे ना? राहू द्या. आणि उठू नका, पत्र संपलेलं नाही.

ता. क. काल दौंडहून परत येताना जीपमध्ये मी आबांवर चिडलो. म्हणालो, मंगळवारी तुम्ही चाळीस मिनिटं न हलता पडलात, तेही माझं यंत्र बिघडलं तेव्हाच. आबा म्हणाले, “मंगळवारी? मी कुठं व्हतो बाजंवर? मेंढी व्याली न्हवं. मी चारपासनं गोठ्यात.” मी हौसरावांना जीप बाजूला घ्यायला लावली. घरी येऊन आईला विचारलं की चार ते पाच पडवीत कोण होतं. ती म्हणाली, दुसरं कोण, सोपाना. “खुर्चीतच डोळा लागला त्याचा. किती दिसांनी निवांत निजला व्हता, म्हनून मी घोंगडी घातली आन् कुनाला फिरकू दिलं न्हाई.” मामा, यंत्र घोंगडीतून बघतं. ती चाळीस मिनिटं तुमची आहेत. आणि ऐका, आबांनी मंगळवारी संध्याकाळीच मला सांगितलं होतं. कोकरू पुसत गोठ्यातून त्यांची नजर गेली होती, म्हणाले होते, “सोपाना वरच्यावर दम घेतुया, त्याची कूस बरी दिसंना.” मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. मी म्हणालो, आबा, मध्ये बोलू नका.

ता. क. आता शेवटचं. तुम्हाला सरळ डॉक्टरकडे चला म्हणालो असतो तर तुम्ही हिरवा झेंडा दाखवून पान खायला बाहेर पडला असता. म्हणून हे पत्र एवढं लांब लिहिलं. माणूस वाचताना हलत नाही, आणि स्वतःबद्दलचं वाचताना तर मुळीच नाही. टीव्हीवरच्या पिशवीत वरच्या शेंगा खऱ्या आहेत, खाली माझा भोंगा आहे, पहिल्या पानापासून तो तुमची नोंद डब्यात साठवतोय. पण ती मी नंतर बघेन. माझ्या यंत्रावर माझा अजून पुरता भरवसा नाही, त्यामुळे निकाल आबांचा. ते दमलेले नाहीत. ते समोर बसून तुमची कूस बघतायत. आईला यातलं काही माहीत नाही. माझा फोन गेल्यावर तुमच्याच लेकीनं, पूनमनं, मामींना सकाळी सांगितलं आहे, तुमची पिशवी भरून दाराआड ठेवली आहे, आणि रविवार असूनही डॉक्टर दवाखाना उघडून बसले आहेत. गल्लीच्या तोंडाशी हौसरावांची जीप आहे आणि तिच्यात मागे मी आहे.

आता मान वर करा. आबांचं पागोटं मांडीवर असेल तर एक शब्द न बोलता चपला घाला, जिना नाही, तीनच पायऱ्या आहेत, आबांच्या खांद्याला धरून हळूहळू उतरा. पागोटं डोक्यावर असेल तर माझं यंत्र खोटं, माझी तीन वर्षं पाण्यात, आणि तुम्ही बाहेर येऊन भरगल्लीत मला वाटेल त्या शिव्या द्या. मला त्या खायच्या आहेत, मामा. पागोटं डोक्यावरच असू दे.